पुराचे पाणी आणि चंद्रावरची चढाई



ज्या शाळेत मी अंगठे धरून उभा राहिलो, त्याच शाळेने मला आज हार घालून उभे केले आहे. हा काळाचा विनोद मी नम्रपणे स्वीकारतो. सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी निमंत्रणाचे पत्र आले तेव्हा चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली होती. मराठीचा निवृत्त प्राध्यापक म्हटल्यावर तो संतवाङ्मयावर किंवा एकोणिसाव्या शतकातील गद्यावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. त्या विषयांवर मी आयुष्यभर बोललो आहे, आणि ऐकणारे सहनशील होते. आज मात्र मी एका लोखंडी पेटीविषयी बोलणार आहे. ती पेटी सरांची होती. तिच्यात विज्ञानाच्या कल्पनांवर रचलेल्या चित्रपटांची जाहिरातपत्रे, गाण्यांच्या चोपड्या, छायाचित्रे आणि भित्तिपत्रके होती. आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस तापीच्या पाण्यात होती.

सर आम्हांला पदार्थविज्ञान शिकवीत. प्रयोगशाळेत तेव्हा एक हवा काढण्याचा पंप, दोन लंबक आणि एक गळकी पाण्याची टाकी एवढेच साहित्य होते. उरलेली प्रयोगशाळा सर चित्रपटगृहातून आणत. 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' हा किशोरकुमारचा चित्रपट १९६४ साली आला. सरांनी त्याचे जाहिरातपत्र वर्गात फळ्यावर टाचणीने लावले आणि विचारले, "हा गृहस्थ अदृश्य झाला. म्हणजे प्रकाश त्याच्या अंगातून आरपार जातो. मग त्याच्या डोळ्यांतूनही जात असला पाहिजे. जो प्रकाश डोळ्यात थांबत नाही, त्याने त्याला दिसणार कसे?" वर्ग गप्प झाला. दृष्टिपटल म्हणजे काय हे त्या दिवशी जे आम्हांला कळले ते पुन्हा कधी विसरले नाही. अदृश्य माणूस आंधळा असला पाहिजे, हा आक्षेप एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या कादंबरीवर पूर्वीच घेतला गेला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. सरांनी तो वाचला होता की स्वतः शोधला होता, हे विचारायचे राहून गेले.

१९६७ साली 'चाँद पर चढाई' आला. दारासिंग त्यात अंतराळवीर झाला होता. माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरण्यास अजून दोन वर्षे होती. पहिलवान चंद्रावर गेला म्हणजे तेथेही कुस्ती होणारच. सरांनी आमच्या अकरावीच्या वर्गाला गणित घातले : चंद्रावर वजन सहावा हिस्सा होते, तर दारासिंगाने उचलून फेकलेला प्रतिस्पर्धी किती उंच जाईल आणि खाली यायला किती वेळ लागेल? मी उत्तर चुकवले. वजन कमी होते म्हणून वस्तुमानही कमी होते, असे मी धरून चाललो होतो. सरांनी माझी वही वर धरली आणि म्हणाले, "हा मुलगा पुढे भाषेचा प्राध्यापक होणार." शाप म्हणावा की आशीर्वाद, तो खरा ठरला.

प्रत्येक जाहिरातपत्राच्या कोऱ्या पाठीवर सर शाईच्या पेनाने लिहीत. चित्रपट कोणत्या तारखेला पाहिला, तिकीट किती आणे किंवा पैसे, आणि त्याखाली वर्गासाठी एक किंवा दोन प्रश्न. कधी मुलांनी दिलेली मजेदार उत्तरेही टिपून ठेवीत. 'मिस्टर इंडिया' १९८७ साली आला तेव्हा मी बाहेरगावी नोकरीत होतो. त्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा सरांनी त्याची पाठ मला दाखवली. अदृश्य नायक तांबड्या प्रकाशातच का दिसतो, निळ्यात का नाही, असा प्रश्न होता आणि त्याखाली सात विद्यार्थ्यांची सात उत्तरे होती. सर म्हणाले, "तू आता डॉक्टर झालास. हे सगळे एकदा नीट उतरवून काढ. मराठी शाळेतल्या पोरांनी वीस-पंचवीस वर्षे विज्ञानाचा विचार कसा केला, ते यात आहे."

मी हो म्हटले. उतरवले मात्र नाही. याचे कारण आज लपवण्यात अर्थ नाही. मला त्या कागदांची लाज वाटत होती. रंगीबेरंगी, स्वस्त, राक्षस आणि तबकड्या छापलेले ते कागद माझ्या अभ्यासाच्या टेबलावर कोणी पाहिले तर काय म्हणेल, ही भीती होती. विज्ञानकथेलाही आमच्या विभागात तेव्हा पाहुण्यासारखे ओसरीवरच बसवले जाई. वास्तविक ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा १९०० च्या सुमारासच 'केरळ कोकिळ' मासिकातून मराठीत उतरली होती. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन पाठवली आणि बक्षीस मिळवले, ही हकिगत आज सर्वांना ठाऊक आहे. ज्या नावाने जगाला विश्वरचनेचे सिद्धान्त दिले ते नाव झाकून त्यांनी कथा पाठवली, याचे कारण परीक्षकांनी कथेकडे पाहावे, लेखकाकडे नव्हे, हे होते. मी मात्र उलट केले. मी कागदाकडे पाहिले, त्याच्या पाठीकडे पाहिले नाही. २०२१ साली नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले तेव्हा मला सर्वप्रथम सरांची ती पेटी आठवली. पण तोवर फार उशीर झाला होता.

आता पुराविषयी. सुरतकरांना तापीच्या पुराची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९६८ चा पूर माझ्या पिढीने पाहिला. तेव्हा उकाईचे धरण पुरे व्हायचे होते. १९७२ साली ते पुरे झाले आणि आता नदी माणसाच्या हातात आली, असे आपण समजून चाललो. २००६ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यात, म्हणजे आमच्या विदर्भ-खानदेशात, पाऊस कोसळला. हतनूरचे पाणी उकाईत येते आणि उकाईचे सुरतेत. मी त्या वेळी जळगावला होतो. माझ्या दारावरून गेलेले पाणी सरांच्या घरात शिरले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती फार नाही. धरण भरत आले, नऊ लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावे लागले आणि सात ऑगस्टपासून शहराचा फार मोठा भाग बुडाला. नऊ तारखेला राखीपौर्णिमा होती. बहिणी गच्चीवर आणि भाऊ होडीत, असे चित्र ज्यांनी पाहिले आहे ते आज या सभागृहात बसलेले आहेत. मी त्यांना काय सांगावे?

सर आणि काकू नानपुऱ्यात तळमजल्यावर राहत. शेजाऱ्यांनी दोघांना वेळेवर वर नेले. पेटी खालीच राहिली. गाड्या सुरू झाल्यावर मी ताप्ती लाइनने आलो तेव्हा पाणी ओसरून दीड-दोन दिवस झाले होते. घरात घोट्याएवढा गाळ होता. तापीचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. सर ऐंशीच्या घरात होते. ते खुर्चीवर, पाय वर घेऊन बसले होते. गहू गेला, गाद्या गेल्या, काकूंचे शिवणयंत्र गेले. त्यांनी मला पाहताच विचारले, "पेटी उघडू का नको?"

मी उघडली. येथे मी माझी पहिली चूक सांगतो. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ऊन पडले होते. ओली वस्तू उन्हात टाकावी, एवढेच ज्ञान माझ्यापाशी होते. मी वरचा छायाचित्रांचा गठ्ठा उचलला, गच्चीवर नेला आणि पापडासारखा पसरून ठेवला. चित्रपटगृहाच्या दर्शनी काचेत लावतात ती ही मोठी, चकचकीत, कृष्णधवल छायाचित्रे होती. दोन तासांनी गेलो तो त्यांच्या सुरळ्या झालेल्या होत्या. काही एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर गेला. छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्याने फुगतो, मऊ होतो आणि दाबाखाली सुकला की सरसासारखा धरतो. सरस आणि जिलेटिन ही सख्खी भावंडे आहेत, हे सरांनीच आम्हांला शिकवले होते. सर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या हातातला गठ्ठा घेऊन मांडीवर ठेवला.

संध्याकाळी, फोन लागू लागल्यावर, मी बडोद्याला संग्रहालयशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते माझ्या समजुतीच्या बरोबर उलट होते. जे ओले आहे ते ओलेच ठेवा. वाळू देऊ नका. स्वच्छ, थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि एकेक सुटेल तसे सोडवा. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. सावलीत, चित्र वर करून, वाऱ्यावर सुकवा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके सर्वांत आधी घ्या, कारण तो कागद एकदा एकमेकांवर वाळला की त्याची वीट होते. बुरशीला दोन दिवस पुरतात, आणि ते दोन दिवस तुमचे बहुतेक संपलेच आहेत. जे हाताळणे होणार नाही ते गोठवून टाका. गोठलेल्या कागदाला बुरशी येत नाही, आणि मग सहा महिन्यांनी सवडीने काम करता येते.

१९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला होता. जगभरातून आलेल्या तरुण मुलांनी साखळी करून चिखलातून ग्रंथ वर काढले. ओल्या ग्रंथाचे शास्त्र मुख्यतः त्या पुराने जगाला शिकवले. आमच्या पुण्यात १९६१ साली पानशेत फुटले. तेव्हा हे ज्ञान कोणापाशी असते तर किती घरांतले, किती छापखान्यांतले कागद वाचले असते, असा विचार माझ्या मनात येतो.

बडोद्याचा सल्ला उत्तम होता. पण स्वच्छ पाणी आणायचे कोठून? शहर पाण्यात बुडाले होते आणि नळाला पाणी नव्हते. टँकर आला की बायका हंडे घेऊन धावत. आम्ही गच्चीवरच्या पिंपात साठलेले पावसाचे पाणी वापरायला घेतले. माझे दोन वर्गमित्र आणि सरांचे चार माजी विद्यार्थी मदतीला आले होते. परातींत पाणी घेऊन आम्ही छायाचित्रे धूत बसलो असता समोरच्या बाई जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "भाई, लोकोने पीवानुं पाणी नथी, ने तमे कागळिया धुओ छो?"

त्यांच्या कडेवर मूल होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सरांनी खालून ऐकले असावे. त्यांनी हाक मारून सांगितले की पिंपातले अर्धे पाणी आधी त्या घरी द्या, उकळून घ्या म्हणावे, आणि उरलेल्यात जेवढे होईल तेवढे करा. त्यामुळे आम्ही निवड करायला बसलो. काय धुवायचे आणि काय सोडून द्यायचे? माझ्या आयुष्यात मी अनेक ग्रंथांची परीक्षणे लिहिली. पण एका परातीच्या पाण्यात कोणते चित्र जगवावे, हा निवाडा त्या सर्वांपेक्षा अवघड होता. शेवटी जे चित्रपट पुन्हा पाहायला मिळण्याची शक्यता कमी, त्यांचे कागद आधी, असा नियम केला. तो नियम अगदीच चुकीचा नव्हता. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो आपल्याला माहीत आहे तो छायाचित्रांवरून आणि छापील कागदांवरून. चित्रपट जातो आणि त्याची रद्दी उरते, असे आपल्या देशात अनेकदा झाले आहे.

सुकवण्याची अडचण सुरतेनेच सोडवली. ओल्या चित्रांच्या मध्ये घालायला असे कापड हवे होते की जे पाणी पिणार नाही आणि जिलेटिनला धरणार नाही. संग्रहालयांत यासाठी पॉलिएस्टरचे न विणलेले कापड वापरतात आणि ते परदेशातून मागवतात, असे बडोद्याहून कळले. पॉलिएस्टर! ज्या शहराने साऱ्या देशाला पॉलिएस्टरच्या साड्या नेसवल्या, तेथे आम्ही ते शोधत होतो. सरांचा एक विद्यार्थी रिंग रोडच्या बाजारात आडत्या होता. त्याचा स्वतःचा माल भिजून गेला होता. तरीही त्याने रंग न चढवलेल्या जॉर्जेटचे दोन तागे, खळखळून धुऊन, पाठवून दिले. त्याचे हातभर तुकडे करून आम्ही एकेक चित्र त्यांच्यात ठेवले. सरांच्या दोन्ही खोल्यांत दोऱ्या बांधल्या गेल्या आणि त्यांवर अंतराळवीर, यंत्रमानव आणि अदृश्य माणसाचे बँडेज बांधलेले डोके लोंबू लागले. काकू म्हणाल्या, "माझ्या पापडांना कधी एवढी जागा मिळाली नाही."

भित्तिपत्रकांचे मला आश्चर्य वाटले. जुनी, दगडी छापाची पत्रके पातळ, हलक्या कागदावर असूनही रंगाला टिकली, कारण त्यांची शाई तेलातली होती. ज्यांना टिकाऊपणासाठी मैद्याच्या लेहीने कापड लावले होते, ती मात्र सर्वांत आधी बुरशीने खाल्ली. लेही हे तिचे पक्वान्नच. जे आम्हांला हाताळता येईना ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका विद्यार्थ्याने सुरतेबाहेरच्या एका गावी, आइस्क्रीमच्या शीतगृहात ठेवले. शहरात वीज नव्हती. पुढे दिवाळीनंतर ते गठ्ठे थोडे थोडे काढून आम्ही सोडवले. कोणा अनोळखी माणसाच्या आइस्क्रीमशेजारी 'कोई मिल गया'तला जादू चार महिने थंडीत बसून होता, ही गोष्ट सर नंतर सर्वांना रंगवून सांगत.

आपण ज्याला हलका कागद म्हणतो त्यावर जगात किती श्रम होतात, याचे एक उदाहरण देतो. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस या जादूगाराने १९०२ साली चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला. चंद्राच्या डोळ्यात घुसलेला तोफगोळा आपल्यापैकी अनेकांनी चित्रात पाहिला असेल. पुढे दिवाळे निघाल्यावर त्याने स्वतःच्या हाताने आपल्या मूळ फिती जाळल्या. त्या चित्रपटाची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ साली बार्सिलोनात सापडली, ती घट्ट गोठून एकजीव झालेली. रसायनाच्या वाफेवर ती मऊ करून, तुकड्यातुकड्याने उलगडून, आणि पुढे संगणकावर जुळवून २०११ साली ती पुन्हा पडद्यावर आली. अठरा वर्षे, सुमारे पंधरा मिनिटांच्या चित्रपटासाठी. आमच्या दोऱ्यांवरच्या चित्रांना एवढे भाग्य नव्हते, पण जात एकच.

आता जे सांगायचे टाळत आलो ते सांगतो. तिसऱ्या दिवशी आम्ही जाहिरातपत्रांपर्यंत पोहोचलो. सुमारे तीनशे होती. ती छान सुटली, छान धुतली गेली. 'चाँद पर चढाई'चे पत्र मी स्वतः धुतले. दारासिंग तसाच्या तसा होता. परातीतले पाणी मात्र निळसर झाले. मला वाटले, छपाईचा रंग सुटला. मी पत्र उलटे केले तो पाठ कोरी होती. त्यानंतरचे उलटे केले, तेही कोरे. शाईच्या पेनाची ती धुऊन निघणारी निळी शाई; अर्धी पुराने नेली होती आणि उरलेली आम्ही, निगुतीने, पावसाच्या स्वच्छ पाण्याने काढून टाकत होतो. चित्राकडे पाहता पाहता कोणालाच पाठीची आठवण राहिली नव्हती. आणि इतरांना पाठीविषयी माहीत तरी कुठे होते? माहीत होते ते मला. एकोणीस वर्षांपूर्वी मला ते उतरवून काढायला सांगितले होते.

मी परात तशीच घेऊन खाली गेलो. सरांनी पाण्यात बोट बुडवले, उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, "विद्राव्य शाई." एवढेच. मग थोड्या वेळाने : "राहिलेली धुऊ नकोस. तशीच वाळव."

तशीच, गाळासकट वाळवलेली चाळीसएक पत्रे आज शाळेच्या कपाटात आहेत. त्यांतील काहींवर अक्षरे वाचता येतात. त्या हिवाळ्यात मी दर पंधरवड्याला सुरतेस येत असे. मी पत्राचे चित्र सरांपुढे धरायचे आणि त्यांनी आठवेल ते सांगायचे, मी लिहून घ्यायचे. सुमारे नव्वद चित्रांचे प्रश्न त्यांना आठवले. मुलांची उत्तरे फारच थोडी. कोणी म्हणेल, प्रश्न उरले हे काय कमी? मला तसे समाधान मिळालेले नाही. सात विद्यार्थ्यांची तांबड्या प्रकाशाविषयीची सात उत्तरे मी वाचली होती, मला ती गमतीची वाटली होती, आणि त्यांतले एकही मला आठवत नाही. ते सातजण या शाळेचे विद्यार्थी आहेत. कदाचित आज समोर बसलेलेही असतील. तसे असेल तर चहाच्या वेळी मला जरूर भेटावे. माझ्या खिशात वही आहे, आणि या वेळी पेन्सिल आणली आहे.

सर २०११ साली गेले. काकूंनी पेटी शाळेला दिली. या व्याख्यानाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात मी तीन दिवस शाळेच्या ग्रंथालयात बसलो होतो. ग्रंथपालबाई तरुण आहेत. मी 'चाँद पर चढाई'चे पत्र उलटे करून पाहत होतो, सवयीने. त्यांनी विचारले, काय शोधता? मी सांगितले. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, आपल्या मोबाइलची बत्ती लावली आणि कागदाच्या अगदी कडेला, आडवी धरली. कागद भिजून फुगला की निबेच्या खुणा बहुतेक बुजतात. पण सर प्रश्नचिन्हापाशी पेन जोराने दाबत, हे आमच्या वह्यांवरून सर्वांना माहीत आहे. आडव्या उजेडात कागदावर बारीक चऱ्या उमटल्या. बाईंना मोडी वाचता येत नाही आणि हे मोडी नव्हते, तरी त्या मला म्हणाल्या, सर, तुम्हीच वाचा. मी चष्मा पुसून वाचले. वरचा भाग गेला आहे. तारीख गेली आहे. खाली उजव्या कोपऱ्यात तीन शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह आहे : हवा नाही, आवाज?